व्हीएलसीत चित्र दिसतं पण आवाज नाही: विंडोज ११, सोबत प्रोजेक्टर

वाचनालय_गंगापूररोड

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयाच्या छोट्या सभागृहात ३० एप्रिलला फाळके जयंतीचा कार्यक्रम आहे. पीसी आणि प्रोजेक्टर मांडून झाले आहेत, चित्र छान येतं, पण व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमधून आवाजच येत नाही. काय काय जोडलंय आणि काय काय तपासलंय ते सगळं लिहिते.

पीसी डेस्कटॉप आहे. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती गेल्या आठवड्यात डिस्क पुसून नव्याने टाकली. व्हीएलसी ३.० मालिकेतलं. मॉनिटर व्हीजीएवर चालतो. प्रोजेक्टर जुना असल्याने त्यालाही फक्त व्हीजीएच आहे, म्हणून पीसीच्या एचडीएमआयला एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लावून तिथून वायर नेली आहे. कन्व्हर्टरच्या कडेला हेडफोनची पिन जाईल असं एक भोक आहे, ते रिकामंच आहे. आवाजासाठी पीसीच्या मागच्या हिरव्या सॉकेटमधून वायर स्टिरिओ ऍम्प्लिफायरच्या ऑक्सला आणि तिथून दोन स्पीकर.

फाइली तीन आहेत. फाळक्यांच्या १९१३ सालच्या मूकपटाचा तुकडा, त्यांच्यावरचा एक माहितीपट एमपी४ मध्ये, आणि परवानगी घेऊन मिळवलेला एक मराठी चित्रपट एमकेव्हीमध्ये. व्हीएलसीत तिन्हींना आवाज नाही. खालची वेळ पुढे सरकते, व्हॉल्यूम १०० वर आहे, म्यूट नाही. विंडोजच्या मीडिया प्लेअरमध्ये माहितीपटाचा आवाज येतो, चित्रपटाचा येत नाही. ब्राउझरचा आवाज येतो. या दोन्ही तपासण्या पुढच्या सॉकेटला हेडफोन लावून केल्या.

व्हीएलसी दोनदा काढून परत टाकलं, फरक शून्य. एकांनी कोडेक पॅक (फाइलीतला आवाज-चित्र उलगडणाऱ्या प्रोग्रामांचा गठ्ठा) टाकायला सांगितलंय, पण विचारल्याशिवाय टाकलेलं नाही. नेमकं कुठे अडतंय?

सिडको_सर्व्हिस

ताई, माहिती व्यवस्थित दिलीत, त्यामुळे बरंच काम सोपं झालं. कोडेक पॅक टाकू नका, त्याचं कारण कोणीतरी खाली लिहीलच. मी फक्त व्हीएलसीच्या गप्प बसण्याबद्दल सांगतो.

तुमच्या पीसीत विंडोजच्या लेखी आवाजाची किमान दोन साधनं आहेत. एक मदरबोर्डवरचं रिअलटेक, म्हणजे हिरवं सॉकेट. दुसरं एचडीएमआय. ज्या कन्व्हर्टरला हेडफोनचं भोक असतं तो पीसीला सांगतो की मला आवाजही घेता येतो. विंडोज ते खरं मानून त्या नावाचं एक आवाजाचं साधन तयार करतं. आवाज तिथे गेला की त्या रिकाम्या भोकातून बाहेर पडतो, म्हणजे कुठेच ऐकू येत नाही. व्हीजीए वायरीतून आवाज कधीच जात नाही, त्यात फक्त चित्राचे सिग्नल असतात.

व्हीएलसीला एकदा विशिष्ट साधन निवडून दिलं की ते लक्षात ठेवतं आणि विंडोजचं डीफॉल्ट बदललं तरी जुन्यालाच चिकटून राहतं. प्रोजेक्टर पहिल्यांदा जोडला तेव्हा कोणीतरी मेनूत काहीतरी निवडलं असणार. नवीन टाकूनही फरक पडला नाही तो यामुळेच. व्हीएलसीची सेटिंग प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये नसतात, युजरच्या ऍपडेटा, रोमिंग, व्हीएलसी या फोल्डरमधल्या व्हीएलसीआरसी नावाच्या फाइलमध्ये असतात. प्रोग्राम काढताना प्रेफरन्सेस आणि कॅशे पुसण्याच्या चौकटीत खूण केली नाही, तर ती फाइल तशीच राहते आणि नव्याने टाकलेलं व्हीएलसी पुन्हा तीच वाचतं.

आता हे करा. माहितीपट लावा आणि चालू असतानाच वरच्या ऑडिओ मेनूत ऑडिओ डिव्हाइसवर जा. यादीत कशापुढे खूण आहे ते बघा. प्रोजेक्टरचं किंवा डिस्प्ले ऑडिओ असं नाव असेल तर तोच दोष. तिथे 'डीफॉल्ट' निवडा. थेट रिअलटेकवर खूण करायचा मोह होईल, पण डीफॉल्टच ठेवा, म्हणजे पुढे विंडोजमध्ये एका जागी बदल केला की व्हीएलसी मागोमाग येईल.

मग कंट्रोल आणि पी दाबून प्रेफरन्सेस उघडा, ऑडिओच्या पानावर जा. सगळ्यात वर 'एनेबल ऑडिओ' अशी चौकट आहे. तिथली खूण गेली असेल तर व्हीएलसी आवाज वाचतच नाही. खाली आउटपुट मॉड्यूल 'ऑटोमॅटिक' ठेवा. एचडीएमआय किंवा एसपीडीआयएफ पासथ्रू बंद ठेवा. तो चालू असेल तर ५.१ चा, म्हणजे सहा चॅनेलचा, आवाज व्हीएलसी न उलगडता कच्चा पुढे ढकलतं. ते डॉल्बी उलगडणाऱ्या रिसीव्हरसाठी असतं, साध्या ऍम्प्लीला त्याचा उपयोग नाही.

तिसरी जागा विंडोजमध्ये आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर. तिथे व्हीएलसीची ओळ ते चालू असतानाच दिसते, म्हणून आधी फाइल लावा. त्या ओळीत स्वतंत्र व्हॉल्यूम असतो आणि बाण दाबल्यावर स्वतंत्र आउटपुट डिव्हाइससुद्धा. दोन्ही बघा. गोंधळ फार वाटला तर त्याच पानाच्या तळाशी सगळ्या ॲप्सचा आवाज मूळ स्थितीला आणणारं रीसेटचं बटण आहे.

आणि पुढच्या सॉकेटमधला हेडफोन काढून मग तपासा. बऱ्याच रिअलटेक मांडण्यांत पुढे हेडफोन लागला की मागचं हिरवं सॉकेट आपोआप बंद होतं. हेडफोन तिथेच लटकत राहिला तर ऍम्प्लीला काहीच पोचणार नाही आणि तुम्ही पुन्हा व्हीएलसीलाच दोष देत बसाल.

पंचवटी_कोडेक

कोडेक पॅकबद्दल मी लिहितो.

व्हीएलसी आवाज उलगडण्याचं सगळं सामान स्वतःसोबत आणतं. एएसी, एमपी३, एसी-३, डीटीएस, ओपस, कशालाच त्याला विंडोजकडे हात पसरावा लागत नाही. त्यामुळे कोडेक पॅक टाकून व्हीएलसीत काही बदलणार नाही. उलट बाकी प्लेअर जी साखळी वापरतात ती मात्र बिघडू शकते, आणि कुठल्याशा साइटवरून उतरवलेल्या पॅकसोबत नको ते प्रोग्रामही येतात. ज्यांनी सुचवलं त्यांचा हेतू चांगला आहे, जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात तेच करावं लागायचं.

विंडोजच्या मीडिया प्लेअरची गोष्ट वेगळी. तो विंडोजचे कोडेक वापरतो. २४एच२ पासून नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये एसी-३, म्हणजे डॉल्बी डिजिटलचा कोडेक येत नाही. जुन्या आवृत्तीवरून अपडेट करत आलेल्या पीसीवर तो राहतो. तुम्ही डिस्क पुसून टाकलंत, म्हणून गेला. त्यामुळे चित्रपटाच्या फाइलीत एसी-३ आहे असा माझा अंदाज. अंदाजावर सोडू नका, मोजून बघा.

व्हीएलसीत चित्रपट लावून कंट्रोल आणि जे दाबा. कोडेकच्या पानावर स्ट्रीम ०, स्ट्रीम १ अशी उतरंड दिसेल. ज्या स्ट्रीमचा प्रकार ऑडिओ आहे तिथे कोडेकपुढे ए५२ असं लिहिलेलं असेल तर ते एसी-३. त्याखाली चॅनेल्सपुढे ३एफ२आर/एलएफई असं विचित्र काही दिसेल: समोरचे तीन, मागचे दोन आणि धडधडीचा एक. म्हणजे ५.१. स्टिरिओ लिहिलं असेल तर दोनच. सॅम्पल रेट बहुतेक ४८००० हर्ट्झ.

त्याच पानावर मूकपटाची फाइल उघडून बघा. तिथे फक्त व्हिडिओची एकच स्ट्रीम असेल, तर त्या फाइलीत आवाज नाहीच. ऑडिओ ट्रॅकचा मेनूही करडा दिसेल. १९१३ सालचं चित्र मूळचं मूकच आहे. काही प्रतींना नंतर संगीत जोडलेलं असतं, काहींना नसतं. तुमची कुठली आहे ते आजच कळलेलं बरं, म्हणजे त्या तुकड्याला पेटी-तबला लावायचा की निवेदन करायचं ते ठरवता येईल. आवाजाच्या चाचणीसाठी मात्र ही फाइल वापरू नका.

एमकेव्हीत कधी कधी दोन-तीन ऑडिओ ट्रॅक असतात: मूळ भाषा, दुसरी भाषा, दिग्दर्शकाचं भाष्य. बी दाबलं की व्हीएलसी एकेक ट्रॅक बदलतं. ऑडिओ ट्रॅकच्या मेनूत 'डिसेबल' हाही एक पर्याय असतो. चुकून तो निवडला गेला तर ती फाइल मुकी होते.

सिडको_सर्व्हिस

बी चा मुद्दा बरोबर. मी विसरलो होतो.

वाचनालय_गंगापूररोड

दोघांचे आभार. निकाल सांगते.

ऑडिओ डिव्हाइसमध्ये खूण खरोखरच प्रोजेक्टरच्या नावापुढे होती. डीफॉल्ट केलं, हेडफोन काढला, आणि स्पीकरमधून आवाज आला. एनेबल ऑडिओ चालूच होतं, पासथ्रू बंद होता, मिक्सरमध्ये काही गडबड नव्हती. मूकपटाच्या फाइलीत एकच स्ट्रीम आहे, म्हणजे आवाज नाही. चित्रपटात ए५२ आणि ३एफ२आर/एलएफई, जसं लिहिलं होतं अगदी तसं.

पण आता नवीनच कोडं. चित्रपटात पार्श्वसंगीत ऐकू येतं, दारं आपटल्याचे, पावसाचे आवाज येतात, आणि माणसं बोलायला लागली की शब्द विहिरीच्या तळातून आल्यासारखे. ओठ हलताना दिसतात, वाक्य कळत नाही. ऍम्प्लीचा आवाज वाढवला तर फक्त संगीत मोठं होतं. सोबत बारीक घरघर आहे. हेडफोनवर तीच फाइल स्वच्छ ऐकू येते.

पंचवटी_कोडेक

५.१ मध्ये संवाद बहुतांशी मधल्या चॅनेलवर असतात. विंडोजला स्पीकर ५.१ आहेत असं सांगून ठेवलं असेल तर तो मधला चॅनेल नारिंगी सॉकेटला जातो, हिरव्याला नाही. तुमच्या हिरव्यात मग उरतं ते डावं-उजवं संगीत.

विंडोज आणि आर दाबून रनची चौकट उघडा. त्यात इंग्रजीत एम, एम, एस, वाय, एस, मग टिंब, मग सी, पी, एल असं सलग टाइप करा आणि एंटर. साउंडची जुनी खिडकी उघडेल. प्लेबॅकच्या पानावर रिअलटेकच्या स्पीकरवर एकदा क्लिक करून डावीकडे खाली 'कॉन्फिगर' दाबा आणि 'स्टिरिओ' निवडा. त्याच पानावर प्रोजेक्टरच्या साधनावर उजवं क्लिक करून 'डिसेबल' करून टाका. मग प्रोजेक्टर कितीदाही काढा-घाला, आवाज तिकडे पळणार नाही.

सोल्डर_सातपूर

थांबा. कॉन्फिगर करून बघाच, दोन मिनिटांचं काम आहे. पण मला दोष वायरीत वाटतो. हेडफोनवर स्वच्छ आणि ऍम्प्लीवर संवाद गायब, वर घरघर, ही जोडी ओळखीची आहे. नुसत्या चुकीच्या ५.१ मांडणीत घरघर येत नाही.

आधी हे सांगा, मागच्या हिरव्या सॉकेटला लावलेली पिन कशी आहे? धातूच्या दांड्यावर काळे पट्टे मोजा. दोन की तीन? दुसऱ्या टोकाला फक्त लाल-पांढऱ्या पिना आहेत की सोबत पिवळीही आहे?

आणि एक चाचणी ऍम्प्ली जोडलेला ठेवून करा. ब्राउझरमध्ये एखादं बातमीपत्र लावा. निवेदकाचा आवाज डाव्या-उजव्या दोन्हींत सारखाच असतो आणि त्याचा ५.१ शी काही संबंध नसतो. तोही विहिरीत गेला तर विंडोजची सेटिंग विसरा. मग सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, ऑडिओ इथे जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू करा. वायर ठीक असेल तर आवाज नुसता मधोमध येईल. वायरीचा ग्राउंड, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्हींची परतीची सामाईक तार, तुटलेला असेल तर आवाज जवळजवळ नाहीसा होईल.

वाचनालय_गंगापूररोड

कॉन्फिगरमध्ये आधीपासून स्टिरिओच होतं. पिनेवर तीन काळे पट्टे आहेत. दुसऱ्या टोकाला लाल, पांढरी आणि पिवळी. पिवळी मोकळी सोडली आहे. सेट-टॉप बॉक्ससोबत आलेली वायर कपाटात होती, तीच लावली.

बातमीपत्रातल्या निवेदिकेचा आवाज अगदी पातळ, लांबून आल्यासारखा. मोनो चालू केल्याबरोबर तोही गेला, मागे फक्त घरघर राहिली. मोनो बंद करून ठेवलं आहे.

सोल्डर_सातपूर

मग वायरच. का ते समजून घ्या, कारण हा दोष वारंवार भेटतो आणि लोक त्यापायी विंडोज परत टाकतात.

पीसीचं हिरवं सॉकेट तीन भागांच्या पिनेसाठी असतं. टोकाला डावा आवाज, मधल्या कड्याला उजवा, बुंध्याला ग्राउंड. काळे पट्टे दोन. तुमची एव्ही वायर चार भागांची आहे, कारण तिच्यातून चित्रही न्यायचं असतं. चार भागांपैकी ग्राउंड कुठे ठेवायचा हे बनवणाऱ्यावर असतं. पुष्कळ वायरींत तो बुंध्याला नसून त्याच्या वरच्या कड्याला असतो, आणि बुंध्याला चित्र किंवा उजवा आवाज. अशी पिन पीसीत पूर्ण बसली की सॉकेटचा ग्राउंडचा पत्रा भलत्याच भागाला टेकतो. लाल आणि पांढऱ्या पिनेच्या बाहेरच्या कड्या पीसीच्या ग्राउंडपासून तुटतात.

ग्राउंड तुटला तरी वीज वाट शोधतेच. डाव्यातून निघून ऍम्प्लीच्या आतून फिरून उजव्याने परत येते. त्यामुळे ऍम्प्लीला डावा आणि उजवा आवाज मिळत नाही, मिळते ती दोघांतली वजाबाकी. संवाद दोन्हींत सारखे, वजाबाकी केली की शून्य. संगीत आणि पाऊस दोन्हींत थोडे वेगळे, ते उरतात. मोनो केल्यावर सगळंच सारखं झालं, म्हणून सगळंच गेलं. घरघर ही त्या लटकत्या ग्राउंडवर आजूबाजूच्या वायरिंगमधून चढलेली ५० हर्ट्झची. तुमचा ऍम्प्ली स्टिरिओ आहे म्हणून निदान संगीत तरी ऐकू आलं. मंडपातला मोनो ऍम्प्ली असता तर त्याने दोन्ही बाजू आतच एकत्र केल्या असत्या आणि घरघरीशिवाय हाती काही लागलं नसतं.

हीच गत पिन अर्धवट बसली की होते. काही कॅबिनेटांत मागचा पत्रा सॉकेटपासून जरा पुढे असतो आणि जाड प्लास्टिकच्या मुठीची पिन शेवटचे दोन मिलिमीटर आत जातच नाही. बारीक मुठीची पिन घेतली तर तो त्रास टळतो.

महात्मा गांधी रोडवर किंवा जवळच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'थ्री पॉइंट फाइव्ह स्टिरिओ टू टू आरसीए' मागा. दोन पट्टे, दुसऱ्या बाजूला फक्त लाल आणि पांढरी. लांबी दीड ते तीन मीटर पुरे. दुकानातच मल्टिमीटर बझरवर ठेवून तपासून घ्या: पिनेचं टोक आणि पांढरीचा मधला दांडा, पिनेचं मधलं कडं आणि लालचा मधला दांडा, पिनेचा बुंधा आणि लाल-पांढरी दोन्हींच्या बाहेरच्या कड्या. या चारही जोड्यांना बीप वाजला पाहिजे. आणि टोक ते बुंधा लावलं तर वाजता कामा नये. तपासताना वायर मुठीजवळ थोडी वाकवून बघा, बीप तुटत असेल तर दुसरी घ्या.

सध्याची पिन थोडी बाहेर ओढून आवाज येतोय असं आढळेल. तसं करून कार्यक्रम काढू नका. कोणाचा पाय वायरीला लागला की संवाद पुन्हा गेले.

लिनक्स_नाशिकरोड

या धाग्यावर थोडं विषयांतर, पण लॅबमध्ये विंडोजऐवजी उबंटू (लिनक्स) वापरणाऱ्यांना हाच प्रश्न पडतो म्हणून लिहितो. तिथे टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एफ६ दाबून खरं साउंडकार्ड निवडा. मास्टर, हेडफोन, फ्रंट यांच्या खांबाखाली एमएम दिसत असेल तर ते म्यूट आहे. बाणाने त्या खांबावर जाऊन एम दाबलं की ओओ होतं. मग पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल टाकून प्लेबॅकच्या पानावर व्हीएलसी कुठल्या साधनाला जोडलंय ते बघा. उबंटू २२.१० पासून आत आवाज हाताळायला पाइपवायर असलं तरी हे साधन तसंच चालतं.

वाचनालय_गंगापूररोड

दोन पट्ट्यांची वायर आणली. दुकानात बझर लावून चारही जोड्या तपासल्या. आता संवाद स्पष्ट आहेत, निवेदिका समोर बसून बोलतेय असं वाटतं. मोनो चालू-बंद करूनही आवाज जात नाही.

तीन गोष्टी राहिल्या. चित्रपटाचे संवाद संगीताच्या मानाने अजून थोडे हळू आहेत, व्हीएलसीचा व्हॉल्यूम १२५ पर्यंत नेला तर चालेल का? ब्लूटूथ स्पीकर राखीव म्हणून ठेवावा का? आणि प्रोजेक्टर चालू केला की घरघर परत येते, आधीपेक्षा कमी, पण शांत प्रसंगात ऐकू येते.

पंचवटी_कोडेक

१२५ वर नेऊ नका. १०० च्या पुढे व्हीएलसी आकडे फुगवतं आणि मोठ्या आवाजाची टोकं कापली जातात. संगीत चढलं की कर्कश फाटतं. व्हीएलसी १००, विंडोज ८० च्या आसपास, आणि उरलेला आवाज ऍम्प्लीच्या बटणाने. वायर ऍम्प्लीच्या ऑक्सलाच असू द्या. माइकच्या सॉकेटला लावली तर पीसीचा जोरकस सिग्नल तिथे मावत नाही आणि सगळंच फाटतं.

संवाद वर आणायचे तर कंट्रोल आणि ई दाबून ऑडिओ इफेक्ट्समधला कॉम्प्रेसर चालू करा. तो मोठे आवाज दाबतो, मग एकूण पातळी वर घेता येते. आत बरेच खटके आहेत, मूळ आकडे तसेच ठेवून आधी ऐका.

अजून भक्कम उपाय म्हणजे कार्यक्रमासाठी चित्रपटाची स्टिरिओ प्रत करून ठेवणे. हँडब्रेक या फाइलींचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये फाइल उघडा, ऑडिओच्या पानावर कोडेक एएसी, मिक्सडाउन स्टिरिओ, बिटरेट १६०. चित्रही नव्याने घडत असल्याने वेळ लागेल, रात्री लावून ठेवा. एफएफएमपेग (कमांड टाइप करून चालवायचा तसाच प्रोग्राम) हाताळता येत असेल तर चित्र जसंच्या तसं कॉपी करून फक्त आवाज एएसी, २ चॅनेल, १९२ केबीपीएस करायला सांगा, ते फार लवकर होतं. ही प्रत विंडोजच्या मीडिया प्लेअरमध्येही बोलेल, म्हणजे ऐनवेळी दुसरा प्लेअर हाताशी राहतो.

ब्लूटूथ राखीव ठेवा, पण त्यात आवाज चित्राच्या मागे पडू शकतो. तसं झालं तर व्हीएलसीत इंग्रजी 'जे' ची कळ दाबा, प्रत्येक वेळी आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो. के दाबलं की पलीकडे जातो. स्पीकरला माइक असेल आणि मीटिंगचं एखादं ॲप उघडं असेल तर ब्लूटूथ फोनच्या पद्धतीवर घसरतं आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. तसलं काही उघडं ठेवू नका. तारेवर असतानाही नको: बोलणं सुरू आहे असं वाटलं की विंडोज बाकीचा आवाज ८० टक्के खाली आणतं. साउंडच्या त्याच जुन्या खिडकीत कम्युनिकेशन्सच्या पानावर 'डू नथिंग' करून ठेवा.

सोल्डर_सातपूर

घरघरीचं बघू. आता ग्राउंड नीट जोडला गेला, त्यामुळे हा दुसरा प्रकार आहे. प्रोजेक्टर छताच्या बाजूच्या प्लगवर आणि ऍम्प्ली-पीसी स्टेजच्या प्लगवर असणार. व्हीजीए वायरीच्या वेढ्यातून प्रोजेक्टरचं अर्थिंग पीसीपर्यंत येतं, पीसीचं ऍम्प्लीपर्यंत, आणि दोन प्लगांच्या अर्थिंगमधला बारीक फरक या वायरींतून फिरत राहतो.

खात्री करायला प्रोजेक्टर चालूच ठेवून व्हीजीएची पिन कन्व्हर्टरमधून काढा. घरघर थांबली तर हेच आहे. मग तिन्ही वस्तू एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, बोर्ड तीन पिनांचा आणि अर्थिंग असलेला. वायर पोचत नसेल तर पीसी आणि ऍम्प्लीच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. आरसीएचा छोटा डबा मिळतो, आत दोन ट्रान्सफॉर्मर असतात. कोणी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका म्हणालं तर ऐकू नका. घरघर जाईल, पण बिघाड झाला तर कॅबिनेटच्या पत्र्यावर वीज येईल, आणि सभागृहात लहान मुलं असणार.

आवाजाची वायर आणि विजेच्या वायरी एकत्र बांधू नका. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात. चालू करताना आधी प्रोजेक्टर, मग पीसी, सगळ्यात शेवटी ऍम्प्ली, त्याचं बटण शून्यावर ठेवून. बंद करताना ऍम्प्ली पहिला.

वाचनालय_गंगापूररोड

व्हीजीएची पिन काढल्यावर घरघर बंद झाली. छताजवळच्या प्लगऐवजी तिन्ही एका बोर्डवर घेतलं, आता कान स्पीकरला लावल्याशिवाय ऐकू येत नाही. स्टिरिओ प्रत हँडब्रेकमध्ये रात्री लावली आहे. मूकपटाच्या तुकड्याला पेटी आणि तबला ठरवलाय. त्या वादकांचे माइक याच ऍम्प्लीवर येणार आहेत. माइकच्या दोन सॉकेटांना दोन माइक आणि ऑक्सला पीसी असं एकाच वेळी चालेल ना?

सोल्डर_सातपूर

पुढच्या पट्टीवर माइक १, माइक २ आणि ऑक्स यांची वेगवेगळी बटणं असतील तर चालेल. मूकपट सुरू असताना ऑक्सचं बटण शून्यावर ठेवा, म्हणजे पीसीची किंवा विंडोजच्या एखाद्या सूचनेची टिंग मध्ये येणार नाही. माइक स्पीकरच्या मागे, पेटीपासून वीतभर अंतरावर. तबल्याचा माइक डग्ग्याच्या तोंडावर रोखू नका, दोन्हींच्या मध्ये थोडा वरून ठेवा. चित्रपटाच्या वेळी दोन्ही माइक खाली आणि ऑक्स वर. बटणांच्या शेजारी चिकटपट्टीवर पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे अंधारात चाचपडावं लागणार नाही.